उत्तानपाद काय करत होता?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या बाई ३५ वर्षांच्या. लग्नाला ३ वर्षं झाली. त्यांचं हे पहिलंच लग्न, नवरा बिजवर. त्याची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी ७ वर्षांची होती. आता ती १२ वर्षांची आहे, सातवीत शिकते आणि यांना 'काकी' म्हणते. घरात सासूबाई, थोडी हापूसची कलमं, नवऱ्याची पतसंस्थेतली नोकरी. मुलीच्या आईची आई तालुक्याच्या गावी राहते.

गेल्या जत्रेत देवळासमोर दशावतारी नाटक होतं, ध्रुवबाळाचं आख्यान. सावत्र आई सुरुची ध्रुवाला बापाच्या मांडीवरून खाली ओढते तो प्रसंग आला आणि पुढे बसलेल्या बायकांनी मागे वळून या बाईंकडे पाहिलं. मुलगी तेव्हा यांच्याच मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सावत्र आवशीक माया येतली खयसून!" त्या दिवसापासून बाईंनी मुलीला रागावणं सोडलं. मध्यंतरी मुलगी शिकवणीला दांडी मारून मैत्रिणींबरोबर बंदरावर बसलेली त्यांनी स्वतः पाहिली, पण घरी काही बोलल्या नाहीत. आता बाईंना चौथा महिना आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही. आजीच्या कानावर मात्र बातमी गेली आणि तिचा निरोप आला, नातीला दहावीपर्यंत माझ्याकडे ठेवा. सासूबाई म्हणतात, तूच काय ते ठरव. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं.

बाई विचारतात: "पाठवली तर सावत्र आईने पोर घालवली म्हणतील. ठेवली आणि उद्या माझ्या हातून काही कमीजास्त झालं तरी तेच म्हणतील. माझं स्वतःचं बाळ झालं की मी खरंच तशी होणार का? मी काय करू?"

ताई,

तुमच्या लांबलचक पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. "तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मध्यरात्री मलाच उठवलं, मी समजावलं, कपडे बदलायला लावले, सकाळी सासूबाईंना सांगितलं." बस्स. पुढच्या ओळीपासून पुन्हा लोक काय म्हणतील ते सुरू. मला मात्र हे वाक्य सगळ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचं वाटलं. त्या रात्री घरात तिची आजी होती, वडील होते. सकाळपर्यंत कळ काढून तालुक्याच्या आजीला फोन करता आला असता. घाबरलेली पोर अंधारात उठून तुमच्या उशाशी आली. अशा वेळी मूल नात्याचा विचार करत बसत नाही. ज्याच्याजवळ लाज वाटणार नाही आणि जे माणूस अंगावर ओरडणार नाही, त्याच्याकडे ते जातं.

म्हणजे त्या मुलीचं तुमच्याबद्दलचं मत ठरलेलं आहे. तुमचंच स्वतःबद्दलचं मत अजून ठरायचंय, आणि ते तुम्ही जत्रेत वळून बघणाऱ्या बायकांवर सोपवलंय. जी मुलगी तुम्हाला भरवशाने मध्यरात्री उठवते, तिला बंदरावर बसलेली पाहून तुम्ही हटकत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्याकडे मी येतेच. आधी त्या जत्रेच्या रात्रीबद्दल बोलू, कारण तिथे तुम्हाला जे लागलं ते वरवरचं नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे आपण लहानपणापासून बघत आलोय. आख्यान ठरलेलं, पण संवाद नटाच्या तोंडी जागच्या जागी येतात. समोरची बायामाणसं हळहळली की सुरुची झालेला नट आणखी चार वाक्यं चढवतो, पदर खोचतो, डोळे वटारतो. ते त्याचं काम आहे आणि तो ते जीव ओतून करतो. ध्रुवाला मांडीवरून ओढलं नाही तर तो रानात जाणार कसा, तप करणार कसा आणि त्याला अढळपद मिळणार कसं? गोष्टीला पोर एकटं पडायला हवं असतं, आणि ते एकटं पाडायचं काम पिढ्यान् पिढ्या सावत्र आईच्या माथी आलंय.

पण त्या प्रसंगात रंगमंचावर आणखी एक माणूस असतं. ज्याच्या मांडीवरून पोराला ओढलं तो राजा उत्तानपाद. राज्याचा धनी, ध्रुवाचा आणि सुरुचीच्या मुलाचा, उत्तमचाही, सख्खा बाप. तो काय करतो? गप्प बसून राहतो. त्याने "ये रे बाळा, एका मांडीवर तू, दुसऱ्या मांडीवर उत्तम" एवढं म्हटलं असतं तर सुरुचीच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नसती. जत्रेतून परतताना सुरुचीला बोल लावणारी माणसं पुष्कळ भेटतात. उत्तानपादाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. कैकेयीने वर मागितले, पण ते देऊन ठेवले होते दशरथाने. त्याच कैकेयीला मंथरेने कान भरण्याआधी राम आणि भरत सारखेच वाटत होते, हे वाल्मीकींनीच सांगितलंय. आपल्याकडच्या रायगडाचं उदाहरण घ्या. संभाजीराजे २ वर्षांचे असताना, १६५९ मध्ये सईबाई गेल्या. १६८० मध्ये महाराज गेल्यावर गादीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा राजाराम महाराजांच्या बाजूने अण्णाजी दत्तोंसारखे मातब्बर कारभारी उभे होते. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं सोयराबाईंचं नाव, कारण सावत्र आई म्हटलं की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. वारसा कुणाला, हिस्सा किती, हे ज्या पुरुषांनी वेळेवर स्पष्ट करायचं ते करत नाहीत, आणि त्या गोंधळातलं सगळं वाईट घरातल्या दुसऱ्या बाईच्या नावावर जमा होतं.

दुसऱ्या बाजूच्या गोष्टी आपल्याकडे नाहीत असंही नाही. त्या आपण 'सावत्र आईच्या गोष्टी' म्हणून सांगत नाही, एवढंच. नकुल-सहदेव माद्रीचे. माद्री पंडूबरोबर सती गेल्यावर त्यांना वाढवलं कुंतीने. पांडव वनवासाला निघाले तेव्हा तिने द्रौपदीला बजावून सांगितलं ते सहदेवाकडे लक्ष दे म्हणून. पुढे यक्षाने युधिष्ठिराला विचारलं, एकच भाऊ जिवंत होईल, कोण हवा? त्याने ना भीम मागितला, ना अर्जुन. नकुल मागितला, माद्रीचाही एक मुलगा उरायला हवा म्हणून. लहानपणी आईच्या हातून घास घेताना भेद दिसला असता तर तो युधिष्ठिर असं बोलला असता का? गौतम बुद्धांना वाढवलं महाप्रजापती गौतमीने. त्याही सावत्र आईच, आणि मावशीही. आपण 'माय मरो, मावशी उरो' म्हणतो. मेहुणीशी लग्न लावायची रीत होती तेव्हा कितीतरी घरांत तीच मावशी सावत्र आई होऊन आली. मग मावशीत माया असते आणि सावत्र आईत नसते, हे एकाच बाईबद्दल कसं खरं असेल?

आणखी एक सांगते, हे मला फार बोलकं वाटतं. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मन लोककथा छापल्या तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी ती बदलून सावत्र केली. सख्खी आई पोरीचा मत्सर करते हे लोकांना सोसवेना. पण सख्ख्या आईलाही कधी पोराचा कंटाळा येतो, राग येतो, मोठ्या होणाऱ्या मुलीकडे बघून आतून काहीतरी टोचतं. हे सगळं उचलून ठेवायला एक जागा हवी होती, ती सावत्र आईच्या रूपाने सापडली. म्हणून म्हणते, एखाद्या संध्याकाळी तुम्हाला त्या मुलीचा वैताग आला तर 'बघा, मी सावत्र निघालेच' असं मनाशी म्हणू नका. तो वैताग सातवीतल्या मुलीच्या कोणत्याही आईला येतो.

आता बंदराची गोष्ट.

कोकणात आईचा आदर्श म्हटला की पालगडच्या साने गुरुजींनी उभी केलेली श्यामची आईच डोळ्यांपुढे येते. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला तिने मार देऊन घराबाहेर काढलं आणि पोहायला पाठवलं. तो प्रसंग वाचून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. तोच मार सावत्र आईने दिला असता तर? सगळ्या आळीने तिला फाडून खाल्लं असतं. मारावं असं मी मुळीच म्हणत नाही, ते कुणीच करू नये. पण रागावण्याचा हक्क तुमच्याकडून काढून घेतला की नुकसान तुमचं थोडं आणि त्या मुलीचं जास्त होतं. घरात सगळे तिच्याशी जपून बोलतायत, चुकलं तरी कुणी हटकत नाही, हे मुलीला कळतं. 'मी यांची नाहीच, म्हणून हे मला काही बोलत नाहीत' असाच त्याचा अर्थ ती लावणार.

ती तुम्हाला 'काकी' म्हणते याचं तुम्हाला वाईट वाटतं. लोक तिला 'आई म्हण गो' म्हणून दामटतात, ते आधी थांबवा. तिला आई होती. ७ वर्षांच्या मुलीला आईचा आवाज, वास, हात सगळं आठवतं, आणि तुम्हाला आई म्हटलं तर ते पुसलं जाईल अशी तिला धास्ती असणार. 'काकी' म्हणून ती तुम्हाला दूर ठेवत नाही. कोकणातल्या एकत्र घरांत काकी म्हणजे काय ते आपण विसरलोय. बापे मुंबईला गिरणीत, काही घरांत आयाही तिकडे, आणि गावच्या घरात आजी, काकी, आत्या मिळून साऱ्यांची पोरं वाढवत. पेज वाढणारी काकी, धपाटा घालणारीही तीच, आणि परीक्षेला निघताना हातावर दही ठेवणारीही तीच. काकीला धपाटा घालायचा हक्क कुणी दिला, असं कुणी विचारत नसे. तुम्हाला मिळालेली जागा कमी प्रतीची नाही.

तेव्हा हटकायचं. कसं, ते सांगते. चारचौघांत नाही, सासूबाईंसमोर नाही. ती शाळेतून येऊन, खाऊन झाल्यावर तुम्ही दोघीच असताना सरळ सांगा: "त्या दिवशी शिकवणीच्या वेळेला तू बंदरावर होतीस, मी पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. शिकवणीला का जावंसं वाटत नाही ते मला सांग. पण खोटं सांगून बाहेर बसायचं नाही. पुन्हा झालं तर मी बाबांना सांगणार." बोलणं केलेल्या गोष्टीपुरतं ठेवा. 'तुझी आई असती तर' हे शब्द तोंडातून कधीही काढू नका, आणि घरात दुसऱ्या कुणालाही काढू देऊ नका. ती फणकारून "तू कोण मला सांगणारी?" म्हणेल, तयारी ठेवा. "तुझी काळजी असणारी" एवढं उत्तर पुरे. रागावून झालं की रात्री ताट रोजच्यासारखंच वाढा, तिच्या आवडीचा तळलेला तुकडा रोजच्यासारखाच तिच्या पानात घाला. सावत्र आईच्या सगळ्या गोष्टींत छळ दाखवतात तो जेवणातून. शिळंपाकं, अर्धपोटी, उपाशी. राग ताटापर्यंत येत नाही हे मुलीने चार वेळा पाहिलं की तुमच्या रागावण्याची तिला भीती राहणार नाही.

हे सगळं तुम्ही करू शकाल, पण त्याआधी तुमच्या नवऱ्याला एक काम करावं लागेल. 'तू म्हणशील तसं' हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं. बायकोला मान देणारं वाटतं. या प्रसंगात ते उत्तानपादाचं गप्प बसणं आहे. स्वतःच्या मुलीने कुठे राहायचं हा बापाचा निर्णय. तो तुमच्या तोंडून वदवून घेतला की बरंवाईट तुमच्या माथी आणि तो बाजूला. त्यांचा हेतू तसा असेल असं मी म्हणत नाही. बायको गमावलेला माणूस घरात वाद नको म्हणून असं वागतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. पण त्यांना सांगा, अगदी याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल: "मी माझं मत देईन. निर्णय तुम्ही घ्यायचा आणि मुलीला, आजीला, गावाला तो तुमच्या तोंडून कळायला हवा." आणि दुसरं, त्यांनी मुलीसमोर, तुमच्यासमोर आणि त्यांच्या आईसमोर एकदा स्पष्ट म्हणावं की काकी घरातलं जे सांगेल ते माझंच सांगणं समजायचं. मोठ्या गोष्टी, म्हणजे शाळा, मोबाइल, कुठे जायचं-यायचं, या बापाने बोलायच्या. रोजचं उठणं-बसणं, अभ्यास, घरकाम तुम्ही.

मुलीला आजोळी पाठवायचं का? माझं मत विचाराल तर आत्ता नाही. आजोळ वाईट म्हणून नव्हे. तालुक्याची शाळा चांगली असेल, आजीचा जीव आहे, आणि कोकणातली कितीतरी मुलं आजोळी राहून शिकली, सुखाने राहिली. पण वेळ बघा. घरात बाळ येणार आणि त्याच सुमारास हिची बॅग भरली, तर तिला कुणी काहीही समजावलं तरी तिच्या मनात एकच अर्थ उमटणार: ते आलं म्हणून मी गेले. तो अर्थ पुढे आयुष्यभर निघत नाही. बाळ वर्षाचं होऊ दे. तिची आठवी होऊ दे. त्यानंतर तिने स्वतःहून म्हटलं की मला आजीकडे राहून शिकायचंय, तर बापाने आनंदाने पाठवावं, आणि तिची खोली, कपाट, अभ्यासाचं टेबल घरात तसंच ठेवावं. तोपर्यंत शनिवार-रविवार आजीकडे, मे महिन्यात आणि दिवाळीत हवं तितकं, हे चालू राहू दे.

याला एक अपवाद. आताच तिला विचारल्यावर ती ठामपणे, पुन्हा पुन्हा 'मला जायचंय' म्हणाली तर तिचं ऐका. पण तिला विचारा. तुमच्या सगळ्या पत्रात आजीचं मत आहे, सासूबाईंचं आहे, नवऱ्याचं आहे, जत्रेतल्या बायकांचं आहे. जिला जायचं की राहायचं तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

बाळाची बातमी तिला याच आठवड्यात सांगा, बापाने आणि तुम्ही मिळून. गावाला कळलंय, आजीला कळलंय. शाळेत किंवा एसटीच्या थांब्यावर एखादी बाई "काय गो, भाव येणार म्हणे तुका" असं म्हणाली आणि तिला ते असं कळलं, तर राग बाळाचा येणार नाही, तुम्ही लपवलंत याचा येईल. सांगितल्यावर ती खूश झाली नाही तरी चालेल. रडली, दोन दिवस बोलली नाही, तरी चालेल. समजूत घालायची घाई करू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, त्याचाही आत्ताच विचार करा. सातव्या-आठव्या महिन्यात तुम्ही गेलात आणि बाळ महिना-सव्वा महिन्याचं झाल्यावर आलात, तर तिच्या दृष्टीने घरातलं दुसरं बाईमाणूस पुन्हा काही महिने नाहीसं होतं. आईचंही तसंच झालं होतं, दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. जमत असेल तर तुमच्या आईलाच इकडे बोलवा. नसेल जमत तर जाण्याचा आणि येण्याचा दिवस तिला आधी सांगून ठेवा, रोज फोन करा, तिला तिकडे राहायला बोलवा. आणि बाळ घरी आलं की एक पथ्य पाळा. १२ वर्षांची मुलगी हाताशी आहे म्हणून लंगोट, दुपटी, पाळणा हे तिच्या गळ्यात पडू देऊ नका. हौसेने घेईल तेवढंच तिला घेऊ दे.

'मी तशी होणार का' याचं खरं उत्तर द्यायला हवं. स्वतःच्या पोटचं मूल छातीशी धरल्यावर जे वाटतं ते कदाचित वेगळं वाटेल. ते वाटणं पाप नाही आणि ते तुमच्या हातातही नाही. हातात आहे ते वागणं. दोघांची आजारपणं सारख्याच काळजीने काढणं, दोघांच्या वाढदिवसाला सारखंच काहीतरी करणं, एकाच्या चुकीला पांघरूण आणि दुसरीच्या चुकीचा डंका असं न करणं. माया अशा वागण्यातून वर्षावर्षाने मुरते. ती पहिल्या दिवशी पुरेशी नव्हती म्हणून स्वतःला शिक्षा करू नका.

आजीबद्दल दोन शब्द. तिची लेक गेलीय आणि नात ही लेकीची उरलेली एकमेव खूण. तुमच्या बाळाची बातमी ऐकून तिने निरोप धाडला त्यात तुमच्यावर अविश्वास आहेच, पण भीती जास्त आहे. निरोपाला निरोपाने उत्तर देऊ नका. नवऱ्याबरोबर स्वतः जा. तुम्ही लिहिलंय की बांगड्याचं तिखलं केलं की मुलगी म्हणते, आई असं नव्हती करत. आजीला विचारा तुमची लेक कसं करायची. तिरफळं किती, ठेचून घालायची की अख्खी, कोकम कधी टाकायचं. त्या बाईला गेल्या पाच वर्षांत कुणी तिच्या लेकीबद्दल असं काही विचारलं नसेल. भाद्रपदात अविधवा नवमी येते, तेव्हा तुमच्या घरी त्या पहिल्या सवाष्णीच्या नावाने पान वाढलं जात असेलच. या वर्षी आजीला त्या दिवशी घरी बोलवा, आणि आईला काय आवडायचं ते मुलीला ठरवू दे. आईचा फोटो बाहेरच्या खोलीत असू दे. तिचं नाव घरात मोकळेपणी निघायला लागलं की मुलीची धास्ती आपोआप कमी होईल.

आता थोडं व्यवहाराचं. अशा घरांत पुढे जी भांडणं होतात ती बहुतेक कलमांवरून आणि दागिन्यांवरून. पहिल्या पत्नीचे दागिने कुठे आहेत? त्यांची यादी करा, वजनासकट, आजीच्या देखत, आणि ते बँकेत ठेवा. मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या मालकीच्या वस्तूंत नवरा आणि मुलगी यांचा सारखा वाटा. नवऱ्याने आपला वाटाही मुलीलाच देईन म्हणून लिहून ठेवलं तर फारच चांगलं. तुम्ही ते दागिने अंगावर घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नवऱ्याच्या मालमत्तेत त्यांच्या सगळ्या मुलांचा हक्क सारखा, पहिल्या लग्नाची असोत की दुसऱ्या. वडिलोपार्जित जमिनीत तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ती आजोळी राहिली म्हणून तो कमी होत नाही, हे आजीलाही सांगा, तिची निम्मी काळजी तिथेच असेल. मात्र तुमचं स्वतःचं जे काही आहे, माहेरचं, कमाईचं, त्यात तुमचं मूल आणि नवरा असताना या मुलीला आपोआप काही मिळत नाही. द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. कायद्याच्या नजरेत सावत्र आई ही मुलाची नैसर्गिक पालकही नाही, १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून शाळेत आणि दवाखान्यात अडचण येऊ नये यासाठी नवऱ्याने शाळेला पत्र द्यावं की, माझ्या गैरहजेरीत हिला बोलवा आणि मुलीला हिच्याबरोबर पाठवा. पुढे मागे मुलीची इच्छा असेल तर सावत्र आईने रीतसर दत्तक घेण्याचीही सोय आहे. पण आज तो विषय नको.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठीही एक गोष्ट लिहायला हवी. काही घरांत मुलांचा खरोखर छळ होतो. सावत्र आईकडून होतो, सावत्र बापाकडून होतो, सख्ख्यांकडूनही होतो. अंगावर वळ, सतत उपाशी राहणं, शाळा सोडवणं, मूल घरी जायला भिणं असं काही दिसलं तर कुजबुजत बसू नका, १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. आणि असं काही दिसत नसेल, तर जत्रेत मागे वळून बघणंही थांबवा. त्या बाईच्या मांडीवर झोपलेल्या मुलीलाही ते बघणं दिसतं.

ताई, हे पान नवऱ्याला वाचायला द्या. आवडणार नाही त्यांना काही वाक्यं. ती आवडली नाहीत तरी बाळाची बातमी मुलीला सांगायला त्यांना शेजारी बसवा. मुलीने जायचं की राहायचं याबद्दल काय सांगितलं, ते तुम्ही दोघांनी मिळून मला कळवा. पुढचं पाऊल तिच्या उत्तरावरून ठरवू.